कपाटातलं वायफाय

भाऊसाहेब ठोसर कोणाचीही उलटतपासणी घेत. भाजीवाली म्हणाली, वांगी आजचीच आहेत, की ते विचारत, "आजची म्हंजे कव्हाची? तोडली कोनं? तू तोडताना पाह्यली, का आयकीव सांगून राहिली?" ऐकीव पुरावा त्यांना चालत नसे, मग तो वांग्यांबद्दलचा का असेना. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर "हे मशीन याच्या आधी कधी खोटं बोललं होतं का?" असं विचारून त्यांनी त्या बिचाऱ्यालाच घाम फोडला. अमरावतीच्या कोर्टात त्यांची उभी हयात गेली आणि कोर्ट काही त्यांच्या अंगातून संध्याकाळी निघत नसे.

मी वकिली शिकले ती त्यांच्याकडे. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली. लग्न होऊन मी अकोल्याला आले, इथल्या कोर्टात उभी राहू लागले, दारावर माझ्या नावाची पाटी लागली, तरी त्यांच्या लेखी मी त्यांची ज्युनिअरच राहिले. फोनवर कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. "पोरी, लिहून घे" ही सुरुवात. माझ्या हातात पोळीचं पीठ असलं तरी मी पेन शोधायची.

त्यांचे दोन नियम होते. सुमनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळ्या संसारात ते बदलता आले नाहीत. एक, कोर्टाशी बसून बोलायचं नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा एका न्यायाधीशांनी आपणहून "बसून बोला" म्हटलं, तर हे म्हणाले, "बसलो की माही अक्कल बी बसते, साहेब." आणि दुसरा नियम कपाटाचा. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी त्या खटल्याचं जे काही असेल ते लोखंडी कपाटात जायचं. कागद, पुस्तकं, काळा कोट, गाऊन, गळ्याची पांढरी पट्टी, पेनसुद्धा. किल्ली जानव्याला. सकाळी अंघोळ करून कपाट उघडायचं, लागेल तेवढं काढायचं आणि लगेच परत कुलूप. "कामाची चीज उघड्यावर ठेवू नये," एवढंच त्यावरचं स्पष्टीकरण. त्या कपाटाचं दार उघडताना असं किंचाळायचं की नवीन पक्षकार खुर्चीत दचकत. बिजागरीला तेल घालू देत नसत. चोर आला तर कळायला नको का, म्हणत.

पुढे अंगणात पाय घसरून ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, काठी घेऊन चालायला लागले, पण डॉक्टरांनी प्रवास कायमचा बंद केला. हातातली कामं त्यांनी एकेक करून दुसऱ्यांना देऊन टाकली. एक मात्र ठेवून घेतलं, ते तेल्हाऱ्याच्या शेवंताबाईचं.

शेवंताबाई ही एकटी, म्हातारी, विधवा बाई. नवऱ्याच्या मागे दोन खोल्यांच्या घरात राहायची. नवऱ्याच्या पुतण्यानं घर आपलं आहे असा दावा लावला आणि खालच्या कोर्टात तो जिंकला. बाईनं घर खाली करावं असा हुकूम झाला. भाऊसाहेबांनी नागपूरला, वरच्या कोर्टात, अपील केलं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिला बाहेर काढू नये म्हणून तात्पुरती स्थगिती मिळवली. ती स्थगिती पुढच्या तारखेपर्यंतच होती. त्या तारखेला तिच्या बाजूनं कोणी बोललं नाही, तर स्थगिती संपली. पुतण्या कुलूप घेऊन तयारच होता. तिला जायला दुसरी जागा नव्हती, ना माहेरी कोणी उरलं होतं, ना पोटी मूल.

नागपूरला जाणं शक्य नव्हतं. पण आता कोर्टापुढे घरून, कॉम्प्युटरवरूनही उभं राहता येतं. भाऊसाहेबांचा मुलगा पुण्याहून आला, लॅपटॉप आणला, वायफाय बसवलं आणि परत गेला. वायफायच्या त्या यंत्राला काकू "डबी" म्हणत. डबी त्यानं पुढच्या खोलीत कपाटाच्या डोक्यावर ठेवली आणि लॅपटॉप मधल्या खोलीत टेबलावर. वकालतनाम्यावर भाऊसाहेबांच्या खाली माझंही नाव होतं, म्हणून अकोल्याहून मीही त्या सुनावणीत हजर राहणार होते. तारखेच्या आधीच्या रविवारी आम्ही तालीम केली. सगळं छान दिसलं, छान ऐकू आलं. "मी म्हनलं होतं ना," भाऊसाहेब म्हणाले, "हे काई अवघड नाही. शपथेवर असल्यावानी निमूट बसते बिचारं."

सुनावणीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे जुना, बटनांचा फोन होता. घरात दोघांत तेवढा एकच.

"पोरी, हे जोडून नाही राहिलं."

मी म्हटलं, "साहेब, खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतं?"

"एक पृथ्वी दिसते."

"पंख्यासारखं चिन्ह नाही दिसत?"

"नाही. पृथ्वीच हाये. अन् तिच्यावर एक बंदी घातल्यासारखी खूण हाये."

म्हणजे इंटरनेट नाही. मी म्हटलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. "बंद करून चालू केल्यानं कोनी सुधरत असतं, तर जेलं कायले बांधली असती?" असं म्हणून त्यांनी ते केलं. लॅपटॉप टुंग टुंग करत उठला. पृथ्वी तिथेच. मग मी त्यांना लॅपटॉपला स्वतःलाच दुरुस्त करायला सांगणारं बटन दाबायला लावलं. यंत्रानं बराच वेळ विचार केला आणि काही दोष सापडला नाही असं कळवलं. "निर्दोष सुटलं," भाऊसाहेब म्हणाले. "पन काम करत नाही ते नाहीच."

दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं आणि दुसऱ्याच्या बोटांनी दाबायचं, हा काय जाच असतो तो मला त्या दिवशी कळला. माझ्यासमोर माझा स्वतःचा कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता. नागपूरच्या कोर्टात कितवा खटला चालू आहे तो आकडा त्यावर दिसत होता आणि तो पुढे सरकत होता. आमच्या आणि कोर्टाच्या मध्ये थोडेच खटले उरले होते. मी भाऊसाहेबांना वायफायचं नाव पुसून पुन्हा जोडायला सांगितलं. "हे म्हनते, विसरू का? कोनाले विसरून राहिलं हे?" विसरा म्हटलं. मग परवलीचा शब्द परत टाकायचा होता. तो मुलानं ठेवलेला, इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांचा. तो एकेका अक्षरानं टाकण्यात दोन वकील दमले. तो बरोबर निघाला. आणि त्यानंतर लॅपटॉप म्हणाला की मी जोडलेलो आहे, पण इंटरनेट नाही.

भाऊसाहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "हे कसं? जोडलं बी हाये अन् नाही बी? असा साक्षीदार मी उभ्या जन्मात पाह्यला नाही. याले हो का नाही एवढंच इचारलं होतं."

"साहेब, शेजारी कोणाकडे जाऊन बसता येईल का?"

"कोर्ट काय शेजारच्याच्या बैठकीत भरते?"

"मग मी बोलते. माझं नाव आहे वकालतनाम्यावर."

ते म्हणाले, "ते काम माह्या हातचं हाये, पोरी. तिले मी शब्द देल्ला हाये."

मी म्हटलं, डबीचे दिवे पाहून या. ते फोन काकूंपाशी ठेवून काठी टेकत पुढच्या खोलीत गेले. एवढ्यात काकू म्हणाल्या, "आलं बाई, आलं, पंखा आला." माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच, "गेलं वं. पृथ्वी आली." भाऊसाहेब परत आले. दिवा हिरवा आहे म्हणाले. मी कंपनीला दोष दिला, बाहेरच्या खांबावरच्या तारेला दिला, अमरावतीच्या विजेलाही दिला. पुन्हा जाऊन पाहा म्हटलं. ते पुन्हा गेले. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. तो लॅपटॉप मध्येच टुंग टुंग करी आणि त्या आवाजानं भाऊसाहेब चिडत. काकूंनी कुठलंसं बटन दाबून आवाज बंद करून टाकला. "चूप केलं मी त्याले," त्या मला म्हणाल्या. "यायचं डोकं उठून राहिलं होतं." मला तेव्हा ते बरंच वाटलं.

आमच्या आधी एकच खटला उरला. मी भाऊसाहेबांना म्हटलं, आता फोन हातात घेऊन जा आणि दिवे एकेक करून मला सांगा. ते गेले. काठीचा टकटक आवाज, जानवं सोडवतानाची धुसफुस, किल्ली, आणि मग ती किंचाळी. कितीतरी वर्षं मी ती ऐकली नव्हती, पण माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"साहेब, तुम्ही कपाट काहून उघडून राहिले?"

"दिवा पाहायले. तूच म्हनली ना."

"डबी कपाटात आहे?"

"मंग कुठी राहीन? काल संध्याकाळी ठेवली. खटल्याच्या कामाची चीज हाये ती."

कपाटाच्या मागचा पत्रा गंजून गेला होता, त्या भोकातून त्यांनी तारा आत घेतल्या होत्या. डबी आत सुखरूप होती, हिरवा दिवा लावून, कागद आणि कायद्याच्या पुस्तकांच्या मधोमध. ते दार उघडत, मधल्या खोलीत पंखा उगवे. दिवा पाहून इमानानं कुलूप लावत, पृथ्वी येई. लोखंडाच्या पेटीतून वायफाय धड बाहेर येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि डबी कुठे ठेवली आहे, हा पहिला प्रश्न मला शेवटपर्यंत सुचला नव्हता. मी हसावं की रडावं अशा अवस्थेत होते. "साहेब, दार उघडं राहू द्या. सताड. आणि लॅपटॉपपाशी जा, आपला नंबर आला."

"जातो," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला. तो कसा बंद झाला ते मला लगेच कळलं. कोर्टाला निघताना ते फोन बंद करून कपाटात ठेवत.

माझ्या पडद्यावर न्यायमूर्ती होते, पुतण्याचे वकील होते, आणि एक नवीन चौकट उघडली. त्यात भाऊसाहेब आले, म्हणजे त्यांचा गाऊन आला. ते उभे राहिले होते. टेबलावरच्या लॅपटॉपला त्यांचं पोट, पांढऱ्या पट्टीचं टोक आणि दोन हात एवढंच दिसत होतं. चेहरा चौकटीच्या वर कुठेतरी होता. आणि चौकटीच्या कोपऱ्यात माइकचं चिन्ह होतं, त्यावर लाल रेघ, म्हणजे माइक बंद. कोर्टाच्या सुनावणीत आत येताना तो बंदच असतो, आपण चालू करायचा असतो, आणि ते सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

हात हलायला लागले. ते बोलत होते. न्यायमूर्ती म्हणाले, वकीलसाहेब, आपला आवाज येत नाही. कोर्टातल्या माणसानंही तेच सांगितलं. पण काकूंनी लॅपटॉप चूप केलेला, भाऊसाहेबांना काहीच ऐकू जाईना. मोतिबिंदूच्या डोळ्यांना उभ्यानं न्यायमूर्तींचे हलणारे ओठ तेवढे दिसले असतील. ते सुरू करा म्हणताहेत, असं समजून त्यांनी सुरू केलं होतं. मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तो उघड्या कपाटात पडलेला मला नुसता डोळ्यांपुढे दिसत होता. ज्यांच्या आवाजासाठी दुसऱ्या कोर्टातले वकील येऊन मागे उभे राहत, ते माझ्यासमोर बोलत होते आणि त्यातलं एक अक्षर कोणापर्यंत पोचत नव्हतं. मी माझ्याच खोलीत मोठ्यानं "साहेब, आवाज" असं म्हणाले, वेड्यासारखी.

न्यायमूर्तींनी विचारलं, अर्जदाराच्या बाजूनं आणखी कोणी आहे का.

मी माझा माइक चालू केला. युक्तिवाद माझ्याकडे नव्हता. तो ते आधी कोणालाच सांगत नसत. मी एवढंच म्हटलं की अपील अजून चालायचं आहे, बाई वृद्ध आहे, त्याच घरात राहते आहे, स्थगिती उठली तर अपिलाला अर्थ राहणार नाही, ती पुढे चालू ठेवावी. कोरडी चार वाक्यं. पुतण्याच्या वकिलांनी काहीबाही हरकत घेतली. न्यायमूर्तींनी खाली पाहून लिहिलं आणि स्थगिती अपिलाच्या निकालापर्यंत वाढवली. हे सगळं होईतो त्या चौकटीतले हात चालूच होते. उजव्या हातानं कसली तरी उभी चौकट हवेत काढली, मग दोन्ही तळवे उघडून पुढे केले. पुढचा खटला पुकारला गेला तेव्हा ते हात जोडले गेले आणि गाऊन किंचित वाकला.

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. एवढ्या आनंदात मी त्यांना पडल्यापासून ऐकलं नव्हतं.

"काय झालं? उभ्यानं माह्या डोळ्यांना लिहेलं दिसत नाही."

"स्थगिती निकालापर्यंत कायम, साहेब."

"व्हायचंच होतं. एक प्रश्न नाही विचारला त्यायनी. मान खाली घालून लिहून राहिले होते. आयकून राहिले की माणूस असा लिहते. तू पाह्यलं ना?"

"पाहिलं."

"दाराचं कसं वाटलं?"

मी म्हटलं, माझ्याकडे मध्येच अडकत होतं, परत सांगा. आणि त्यांनी सगळा युक्तिवाद मला सांगितला, इंग्रजीतला वऱ्हाडीत करून. शेवंताबाई लग्न होऊन आली तेव्हा त्या घराला दार नव्हतं. बांबूचा तट्ट्या होता. तिच्या बापानं पोरीसाठी सागाचं दार करून बैलगाडीत घालून पाठवलं. पुतण्या तेव्हा जन्मला नव्हता. ते दार आजही तिथेच आहे, वरच्या चौकटीवर तिच्या बापाचं नाव कोरलेलं आहे. "म्या म्हनलं, घर कोनाचं ते सावकाश ठरवा, साहेब. कागद पाहा, साक्षी पाहा. पन ठरेपर्यंत तिले तिच्या बापाच्या दाराच्या बाहेर कसं काढता?" एवढं सांगून ते थांबले. मी रडत होते आणि ते फोनवर कळू नये म्हणून श्वास धरून होते. इतका चांगला युक्तिवाद मी त्यांच्याकडूनही ऐकला नव्हता.

"फार छान झालं, साहेब," मी म्हटलं.

मग काकूंनी फोन घेतला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या असाव्यात, कारण हळू आवाजात बोलल्या. त्या दाराशी उभं राहून सगळं पाहत होत्या. "बाई, यायच्या फोटोत कोपऱ्यात एक लाल रेघ होती. रविवारी नव्हती. ती कायची असते?"

"काकू, जेवण झालं का तुमचं?" मी विचारलं.

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या. "त्यायले नको सांगू बरं."

अपील सुनावणीला यायच्या आतच भाऊसाहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. अमरावतीच्या वकिलांनी शोकसभा ठेवली. मी अकोल्याहून गेले. तेल्हाऱ्याहून एसटीनं शेवंताबाईही आली होती आणि मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती. एकदोघं बोलल्यावर मला म्हणाले, त्यांच्या शेवटच्या सुनावणीला तुम्ही होता, तुम्ही सांगा. मी उभी राहिले आणि त्यांनी फोनवर सांगितला होता तसा, त्याच क्रमानं, तो युक्तिवाद सांगितला. तट्ट्या, बैलगाडी, सागाचं दार. काकू पुढे बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

सभा संपल्यावर शेवंताबाई माझ्यापाशी आली. हातात पिशवी होती, त्यात काकूंसाठी घरची तुरीची डाळ होती. तिनं माझा हात धरला.

"माह्या बापाच्या दाराचं सांगतलं त्यायनी? नावाचं बी?"

"नावाचंही सांगितलं."

"मंग आयकून जज काय म्हनले?"

काकू शेजारीच होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"राहू द्या म्हणाले," मी सांगितलं. "तिला तिच्या घरात राहू द्या म्हणाले."